बर्न्स सपर घरी करायचंय? हॅगिस, व्हिस्की आणि कवितेच्या रात्रीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर संपत आला की मला फोन यायला लागतात. कुणाला ऑफिसातल्या सहकाऱ्याने बर्न्स सपरला बोलावलेलं असतं, कुणाच्या मुलाला शाळेने स्कॉट्स भाषेतली कविता पाठ करायला दिलेली असते, तर कुणाला पुण्यात किंवा लंडनमध्ये स्वतःच्याच घरी हा बेत करून बघायचा असतो. मी ग्लासगोत राहते आणि दर जानेवारीत आमच्याकडे हे जेवण असतं. मराठी मित्रमंडळी आणि शेजारीपाजारी मिळून पंधरा-सोळा पानं उठतात. लोक नेहमी विचारतात ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

बर्न्स सपर म्हणजे काय? हा सण आहे का?

सण नाही, आणि त्या दिवशी सुट्टीही नसते. रॉबर्ट बर्न्स हा स्कॉटलंडचा सगळ्यांत लाडका कवी. २५ जानेवारी १७५९ रोजी एअरशरमधल्या अ‍ॅलोवे गावी त्याचा जन्म झाला. त्याच्या वाढदिवसाच्या रात्री लोक जेवायला जमतात, त्याच्या कविता म्हणतात, गाणी गातात आणि त्याच्या नावाने व्हिस्कीचा प्याला उंचावतात. आपण २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो, त्याच्या जवळचं हे काहीतरी आहे. फक्त इथे व्यासपीठाच्या जागी जेवणाचं टेबल असतं.

एक गोष्ट मनाशी पक्की केलीत की बाकी सगळं जमून येतं: ही कवीची रात्र आहे. हॅगिस, म्हणजे मेंढीच्या कलेजीचा आणि ओट्सचा उकडलेला पदार्थ, विकत मिळतो, व्हिस्की विकत मिळते. कविता मात्र कुणीतरी उभं राहून म्हणावी लागते. ती म्हटली गेली नाही, तर ते मटण आणि दारूचं एक जेवण होतं, बर्न्स सपर होत नाही.

(बर्न्सबद्दल मी एकेरीच बोलते. इथले लोक त्याला ‘रॅबी’ म्हणतात, घरातल्या मुलाला हाक मारावी तसं. आपण नाही का तुकोबांना ‘तुका’ म्हणत, तसंच.)

ही प्रथा कुणी सुरू केली?

त्याच्या मित्रांनी. बर्न्स २१ जुलै १७९६ रोजी डमफ्रीजला वारला, तेव्हा तो अवघा ३७ वर्षांचा होता. त्याच्या पाचव्या स्मृतिदिनी, म्हणजे जुलै १८०१ मध्ये, नऊ जण अ‍ॅलोवेच्या त्या घरात जमले जिथे तो जन्मला होता. बोलावणारे होते हॅमिल्टन पॉल नावाचे एक धर्मगुरू. जेवायला हॅगिस होता आणि मेंढीची मुंडी होती. जेवण झालं, कविता झाल्या, आणि निघताना दर वर्षी भेटायचं ठरलं.

पुढे दिवस बदलला आणि जन्मदिवस धरला जाऊ लागला. त्यातही गंमत झाली. ग्रीनॉकच्या बर्न्स क्लबने आधी २९ जानेवारी ही तारीख धरली होती. मग एअर गावातली चर्चची नोंदवही पाहिली, तेव्हा खरी तारीख २५ असल्याचं कळलं. तेव्हापासून २५ जानेवारी पक्की झाली. मात्र २५ तारीख आडवारी आली तर बहुतेक लोक जवळचा शनिवार धरतात आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

त्या रात्रीचा क्रम कसा असतो?

पाहुणे आले की यजमान चार शब्दांत स्वागत करतात. मग ‘सेलकर्क ग्रेस’ ही चार ओळींची छोटी प्रार्थना म्हणतात. आपल्याकडे पंगतीत श्लोक म्हणायची पद्धत आहे ना, तीच जागा. अर्थ साधारण असा: काहींच्या ताटात आहे पण त्यांना खाववत नाही, काहींना खायचंय पण ताटात नाही, आपल्याकडे अन्न आहे आणि आपल्याला खाता येतंय, म्हणून देवाचे आभार. ही प्रार्थना बर्न्सच्या आधीपासून लोकांच्या तोंडी होती, पण त्याच्या नावाशी अशी जोडली गेली की आता वेगळी निघत नाही.

प्रार्थनेनंतर सूप येतं. त्यानंतर सगळे उभे राहतात आणि हॅगिस वाजतगाजत आत येतो: पुढे बॅगपाइप वाजवणारा, मागे ताट घेतलेला आचारी, त्याच्यामागे कविता म्हणणारा. कविता होते, हॅगिस कापला जातो, व्हिस्कीचा पहिला घोट त्याच्या नावाने घेतला जातो आणि मग जेवण. गोड खाऊन झालं की बर्न्सच्या स्मरणाचं मुख्य भाषण, मग स्त्रियांसाठी एक भाषण आणि स्त्रियांकडून त्याला उत्तर, अधूनमधून गाणी आणि कविता, शेवटी आभार आणि हात धरून ‘ऑल्ड लँग साइन’ हे निरोपाचं गाणं. मोठ्या हॉटेलांत हे चार-चार तास चालतं. घरी अडीच-तीन तासांत छान होतं.

हॅगिस म्हणजे नक्की काय? वजडीसारखा लागतो का?

नाही. वजडी चिवट आणि वळ्यावळ्यांची असते, हॅगिस मोकळा आणि दाणेदार असतो. मेंढीचं काळीज (म्हणजे हृदय), कलेजी आणि फुप्फुस शिजवून बारीक करायचं. त्यात भाजलेला ओट्सचा भरडा, कांदा, चरबी, मीठ, भरपूर मिरी आणि जायफळासारखे मसाले घालायचे. आणि हे सगळं मेंढीच्या पोटाच्या पिशवीत भरून उकडायचं. आता बहुतेक दुकानांतला हॅगिस कृत्रिम आवरणात येतो. चव म्हणाल तर कलेजीचा खिमा, त्यात मिरीची झणझणीत उब आणि ओट्सचा खरपूस खमंगपणा. ज्याने लहानपणी रविवारी सकाळी तव्यावरची कलेजी खाल्ली आहे, त्याला हॅगिस परका वाटत नाही.

हे गरिबाचं जेवण आहे, हे विसरू नका. चांगले तुकडे विकायला किंवा जमीनदाराकडे जायचे, आणि लवकर खराब होणारं आतडं-काळीज घरात राहायचं. त्यात ओट्स घालून ते पुरवठ्याला आणायचं. सोलापूरकडे किंवा कोल्हापूरकडे रक्ती, मुंडी, पाया यांना जे स्थान आहे तेच हे. बर्न्सने याच पदार्थाला कवितेत उभं केलं आणि फ्रेंच रागूचे, म्हणजे उंची रश्श्याचे, चोचले पुरवणाऱ्यांना सुनावलं की हा खाऊन वाढलेला शेतकरी बघा, त्याच्या पावलाखाली जमीन हादरते. मला ती कविता म्हणूनच प्रिय आहे. आपल्या आजीच्या हातच्या साध्या जेवणाची लाज वाटू नये म्हणून कुणीतरी इतकं मोठ्याने बोललं आहे.

दुकानातून आणलेला हॅगिस गरम कसा करायचा?

तो आधीच शिजलेला असतो, तुम्हाला फक्त आतपर्यंत वाफाळता गरम करायचाय. बाहेरचं प्लास्टिक काढा, फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा, खोलगट भांड्यात बोटभर पाणी घालून १८० अंशाला ओव्हनमध्ये ठेवा. अर्धा किलोच्या आसपासच्या हॅगिसला साधारण सव्वा तास लागतो. पाकिटावर लिहिलेली वेळ पाहा. पाण्यात ठेवणार असाल तर पाणी खळखळून उकळू देऊ नका, नुसतं मंद हलत राहू द्या.

हे मी पहिल्या वर्षी शिकले. वरणाच्या सवयीने गॅस मोठा ठेवला आणि पाहुण्यांशी बोलत बसले. स्वयंपाकघरात परतले तर आवरण फुटून निम्मा हॅगिस पाण्यात पसरला होता. पाहुण्यांपैकी एक शेजारच्या आजी मुकाट्याने आत आल्या, चाळणीतून सगळं गाळून घेतलं, फडक्यात बांधून पिळलं आणि वाडग्यात दाबून ताटात उलटं केलं. त्या मुदीसमोर कविता झाली, आणि चवीत काहीही कमी पडलं नाही. तेव्हापासून मी नेहमी दोन आणते: एक कापायला, एक पुरवायला.

भारतात हॅगिस मिळेल का? सोबत आणता येईल का?

मांसाचे पदार्थ भारतात आणायला परवान्याचे नियम आहेत, त्या भानगडीत पडू नका. (अमेरिकेत तर १९७१ पासून मेंढीचं फुप्फुस अन्नात वापरायला बंदी आहे, म्हणून तिथले लोक फुप्फुसाशिवायचा हॅगिस करतात.) घरी करणं अवघड नाही. मटणवाल्याला बोकडाचं काळीज आणि कलेजी मिळून अर्धा किलो आणि थोडी चरबी सांगा. फुप्फुस नसलं तरी चालतं.

काळीज आधी तासभर मंद शिजवा, कलेजी शेवटची दहा मिनिटं घाला. आधी घातली तर दगड होते. शिजवलेलं पाणी टाकू नका. मांस गार झाल्यावर सुरीने किंवा मिक्सरला जेमतेम फिरवून भरड करा, लगदा नको. दीडशे ग्रॅम स्टील कट ओट्स कोरडेच मंद आचेवर भाजा, खमंग वास आला पाहिजे. रोजच्या न्याहारीचे चपटे ओट्स घेऊ नका, त्यांची चिकट खळ होते. बारीक चिरलेले दोन कांदे चरबीवर परतून घ्या. मग मांस, ओट्स, कांदा, मीठ, दोन चमचे भरड मिरी, जायफळ, थोडी जायपत्री आणि धणेपूड एकत्र करून, मांस शिजवलेलं पाणी घालत ओलसर गोळा करा. हळद, आलं, लसूण घालायला हात शिवशिवतील. या एका दिवशी आवरा. तूप लावलेल्या डब्यात दाबून भरा, वरून फॉइल बांधा आणि दीड-दोन तास वाफवा. पोटाची पिशवी नसली तरी कापण्याचा विधी करता येतो: डबा उलटा करा आणि त्यावर ओलं मलमलचं फडकं ताणून बांधा. सुरी त्या फडक्यातून जाते.

आम्ही शाकाहारी आहोत. मग काय?

मग व्हेजिटेरियन हॅगिस. ही तडजोड नाही, त्यालाही स्वतःचा इतिहास आहे. १९८४ मध्ये एडिंबरात स्कॉटिश पोएट्री लायब्ररीचं उद्घाटन होतं, त्या निमित्ताने मॅकस्वीन या हॅगिसवाल्यांनी तो पहिल्यांदा केला. म्हणजे कवितेच्या घरीच तो जन्मला. त्यात कडधान्यं, मसूर, मशरूम, गाजर, ओट्स आणि बिया असतात. आता इथे प्रत्येक सुपरमार्केटात मिळतो. घरी करायचा तर भिजवून शिजवलेला राजमा, मसूर, बारीक चिरून कोरडे परतलेले मशरूम आणि किसलेलं गाजर घ्या. ओट्स आणि मिरीचं प्रमाण वर दिलंय तेच. आमच्याकडे दोन्ही असतात आणि व्हेज आधी संपतो.

नीप्स आणि टॅटीज म्हणजे?

टॅटीज म्हणजे बटाटे. नीप्स म्हणजे स्वीड, पिवळ्या गराचा, सलगमचा मोठा भाऊ. दोन्ही वेगवेगळे उकडून, लोणी घालून कुस्करतात. भारतात सलगम किंवा नवलकोल घ्या आणि थोडं गाजर मिसळा, रंग आणि गोडसरपणा जवळपास येतो. उकडल्यावर पाणी नीट निथळू द्या आणि कोरडं परता, नाहीतर पानात पाणी सुटतं.

आणखी कोणते पदार्थ करू?

जास्त नको. आधी एक सूप: कॉक-अ-लीकी, म्हणजे कोंबडी आणि लीक (पातीच्या कांद्यासारखी भाजी), त्यात काही जण सुके प्लम घालतात, नाहीतर कलन स्किंक, धुरावलेल्या हॅडॉक माशाचं दूध-बटाट्याचं सूप, जे मरी किनाऱ्यावरच्या कलन गावचं. शेवटी क्रॅनाकन: भाजलेले ओट्स, फेटलेली साय, मध, रास्पबेरी आणि चमचाभर व्हिस्की. महाबळेश्वरकडच्या रास्पबेरी मिळाल्या तर उत्तम, नाहीतर स्ट्रॉबेरी. ओट्स वाढायच्या अगदी आधी मिसळा, म्हणजे कुरकुरीत राहतात.

महाबळेश्वरवरून आठवलं. तिथल्या मालकम पेठेला ज्यांचं नाव आहे ते मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम डमफ्रीजशरचे, म्हणजे बर्न्सने अखेरची वर्षं काढली त्याच मुलखातले. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा आणि साताऱ्याचा रेसिडेंट असलेला ग्रँट डफही स्कॉटिशच होता.

हॅगिससमोरची कविता कशी म्हणतात? तिथे नेमकं काय घडतं?

हा त्या रात्रीचा गाभा. ‘अ‍ॅड्रेस टू अ हॅगिस’ ही कविता १७८६ सालची, आठ कडव्यांची. ताट टेबलावर आलं की खोलीत शांतता होते. म्हणणारा हॅगिसकडे बघूनच सुरुवात करतो, जणू समोर एखादा मानाचा पाहुणा बसलाय. पहिली दोन कडवी नुसतं कौतुक: काय तुझा गोल चेहरा, काय तुझी पाठ, ताट तुझ्या भाराने कण्हतंय.

तिसऱ्या कडव्यात कष्टकरी माणूस आपली सुरी पुसतो. ती ओळ आली की म्हणणाराही सुरी बाहीवर किंवा फडक्यावर पुसतो. सुरी उचलली जाते, सगळे श्वास धरतात. पुढच्या ओळीला ती आत जाते आणि आवरण या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरलं जातं. आवरण ताणलेलं असल्यामुळे कडा आपसूक मागे सरतात, आतला तपकिरी भरडा उकलतो आणि वाफेचा एक लोट वर येतो. मिरीचा वास पहिल्या खुर्चीपासून शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचतो. नेमक्या त्याच क्षणी कवितेत शब्द येतात, ‘वॉर्म-रीकिन, रिच’, वाफाळता आणि भरदार. दोनशे वर्षांपूर्वी लिहिलेली ओळ आणि समोरची वाफ एकाच वेळी. मी कितीदा तरी पाहिलं आहे आणि दर वेळी अंगावर काटा येतो.

दोन व्यवहारी सूचना. सुरी आणण्याआधी हॅगिसला एका टोकाशी बारीक टोचून ठेवा, म्हणजे चिरताना गरम चरबी उडत नाही. आणि सुरी खरोखर धारदार असू द्या.

मला स्कॉट्स भाषा येत नाही. उच्चार जमतील का?

इंग्लंडच्या माणसापेक्षा तुम्हाला बरे जमतील, हे मी अनुभवाने सांगते. स्कॉट्समध्ये ‘र’ जिभेवर थरथरवून म्हणतात, आपण तो तसाच म्हणतो. ‘लॉख’, ‘निख्त’ अशा शब्दांतला घशातला ‘ख’ इंग्रजांना अडतो, आपल्याला फारसा नाही. आमच्या गटातल्या एका मावशींनी पहिल्यांदा कविता म्हटली ती देवनागरीत लिहून घेऊन. ‘फेअर फा यर ऑनेस्ट, सॉन्सी फेस’ असा आरंभ त्यांनी खणखणीत केला आणि आमचा स्कॉटिश शेजारी उठून उभा राहिला.

स्कॉट्स ही मोडकी इंग्रजी नव्हे. ती शेतातली, चुलीपुढची भाषा आहे आणि बर्न्सने ती छापील पुस्तकात मानाने बसवली. जुलै १७८६ मध्ये किलमार्नकला त्याचा पहिला संग्रह छापला गेला, ६१२ प्रती, किंमत तीन शिलिंग. ज्याच्या घरी वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलतात आणि शाळेत ती बोलू नको असं सांगितलं गेलंय, त्याला या गोष्टीचं मोल वेगळं सांगायला नको. पूर्ण कविता जमत नसेल तर तीन कडवी स्कॉट्समध्ये म्हणा आणि बाकीचा भावार्थ मराठीत सांगा. भावार्थ सांगितल्याशिवाय मात्र पुढे जाऊ नका.

कोणती व्हिस्की घ्यावी?

महाग हवी असं अजिबात नाही. स्कॉच म्हणवून घ्यायला ती स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरलेली आणि किमान ४० टक्के मद्यार्काची असावी लागते, हा कायदाच आहे. कायद्याने प्रदेश पाच मानले आहेत: हायलँड, लोलँड, स्पेसाइड, कॅम्पबेलटाउन आणि आयला. शेवटचं नाव इंग्रजीत पाहून लोक ‘इस्ले’ म्हणतात; उच्चार ‘आयला’ असा, आपल्या तोंडी अगदी सहज बसणारा.

हॅगिस मिरीदार आणि चरबीयुक्त असतो. त्यासोबत थोडी धुरकट, थोडी तिखट व्हिस्की शोभते. स्काय बेटावरची टॅलिस्कर अनेकांची आवडती आहे आणि माझीही. आयलाच्या लॅफ्रॉयग किंवा आर्डबेगमध्ये पीटचा, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीचा, धूर इतका असतो की पहिल्यांदा पिणारा दचकतो. त्या जेवणानंतर काढा. नवशिक्यांना स्पेसाइडची मऊ, गोडसर बाटली द्या. चांगली ब्लेंडेड स्कॉचही चालते. बर्न्सच्या काळात व्हिस्की अशी मुरवलेली नसायचीच, भट्टीतून निघालेली पाण्यासारखी पांढरी आणि जहाल असायची.

पाणी, बर्फ, सोडा?

जेवणाच्या टेबलावर साध्या पाण्याचा छोटा जग ठेवा. व्हिस्कीत चार-सहा थेंब पाणी घातलं की वास खुलतो. बर्फाने तो बंद होतो. पण कुणी सोडा मागितला तर तोंड वाकडं न करता द्या. व्हिस्कीच्या एका पेगला इथे ‘ड्रॅम’ म्हणतात; तो नेमका किती, याला माप नाही. मी ३० मिलिलिटर ओतते. दुसरी गोष्ट, हॅगिसवर बाटलीतली व्हिस्की थेट ओतायची पद्धत काही ठिकाणी दिसते. मला ती पटत नाही, कच्च्या मद्याचा उग्रपणा सगळी चव मारतो. त्यापेक्षा साय, थोडी मोहरीची पेस्ट आणि चमचाभर व्हिस्की उकळून रस करा.

पेला उंचावताना ‘स्लांजे वा’ म्हणतात, तुझ्या आरोग्यासाठी. ते गेलिक आहे, स्कॉट्सहून वेगळ्या अशा इथल्या जुन्या भाषेतलं. दोन कानांचा पसरट ‘क्वेख’ मिळाला तर एकाच प्याल्यातून सगळ्यांनी घोट घ्यायची जुनी रीतही करता येते.

बर्न्स स्वतः दारुडा होता का?

ही त्याच्यावर झालेली मोठी अन्यायाची गोष्ट आहे. त्याचा सुरुवातीचा एक चरित्रकार जेम्स करी हा दारूविरोधी डॉक्टर होता आणि १८०० मध्ये त्याने लिहिलेलं चित्र शंभर वर्षं लोकांनी खरं मानलं. बर्न्स प्यायचा, त्याच्या काळातले बहुतेक पुरुष प्यायचे तसा. पण आज बहुतेक अभ्यासक मानतात की त्याला नेलं ते हृदयाच्या दुखण्याने, ज्याची मुळं लहानपणीच्या शेतावरच्या अतिकष्टांत होती. आणि १७८९ पासून तो अबकारी खात्यात नोकरीला होता! घोड्यावरून आठवड्याला दोनशे मैल फिरून दारूवरचा कर मोजायचा, आणि त्यातून कविता लिहायचा. ‘स्वातंत्र्य आणि व्हिस्की बरोबरच चालतात’ असं लिहिणारा माणूस हाच.

आमच्यात काही जण पीत नाहीत. त्यांना अवघडल्यासारखं होईल का?

तुम्ही होऊ दिलं तरच. प्याला उंचावण्याला महत्त्व आहे, प्याल्यात काय आहे याला नाही. आयर्न ब्रू हे इथलं नारिंगी शीतपेय ठेवा, नाहीतर आल्याचा गरम पन्हासारखा अर्क. कोकम सरबतही आम्ही ठेवलं आहे. स्कॉटलंडमध्ये गाडी चालवणाऱ्यांसाठी मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे: डिसेंबर २०१४ पासून १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम. एक प्याला घेतला तरी टॅक्सी बोलवा.

महाराष्ट्रात हा बेत करताना काय लक्षात ठेवावं?

तारीख. दुसऱ्या दिवशी २६ जानेवारी, म्हणजे ड्राय डे. बाटली २४ लाच आणून ठेवा. व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण हवं आणि परवाना हवा. दुकानात एक दिवसाचाही मिळतो. सकाळी झेंडावंदनाला जायचं असतं, म्हणून आमचे पुण्यातले मित्र सातलाच बसतात आणि साडेदहाला उठतात. मला वाटतं तीच वेळ योग्य. भारतीयांना स्कॉच नवी नाही. २०२२ मध्ये बाटल्यांच्या संख्येत भारत हा स्कॉचचा जगातला सगळ्यांत मोठा ग्राहक ठरला, सुमारे २१ कोटी ९० लाख बाटल्या. त्यातल्या एका बाटलीसोबत तरी कविता उघडावी, एवढंच माझं मागणं आहे.

‘इमॉर्टल मेमरी’ म्हणजे मुख्य भाषण. त्यात काय बोलायचं?

दहा-बारा मिनिटं, त्याहून जास्त नाही. जन्मापासून मृत्यूपर्यंत चरित्र वाचून दाखवू नका. एक कविता घ्या आणि ती तुम्हाला का भिडली ते सांगा. नांगराखाली उंदराचं घर मोडलं म्हणून त्या उंदराची माफी मागणारी कविता १७८५ ची. शेतात वाढलेल्या कुणालाही त्यावर बोलता येईल. माणूस शेवटी माणूसच, हुद्दा म्हणजे नाण्यावरचा नुसता छाप, असं सांगणारं त्याचं गाणं १ जुलै १९९९ रोजी स्कॉटिश संसदेच्या उद्घाटनाला गायलं गेलं.

आणि खरं बोला. १७८६ मध्ये हाच बर्न्स जमैकाला, गुलामांच्या मळ्यावर हिशेबनीस म्हणून जायला निघाला होता. संग्रह गाजला आणि तो गेला नाही. स्त्रियांशीही तो नेहमी नीट वागला नाही. त्याची पत्नी जीन आर्मर हिने त्याचं शेवटचं मूल जन्माला घातलं ते त्याच्या अंत्ययात्रेच्या दिवशी. हे सगळं वगळून केलेलं भाषण मला ऐकवत नाही. थोर कवीवर प्रेम करायचं तर डोळे उघडे ठेवूनच करावं. भाषणाच्या शेवटी सगळे उभे राहतात आणि ‘टू द इमॉर्टल मेमरी’ म्हणून घोट घेतात.

स्त्रियांसाठीच्या भाषणाबद्दल थोडी धाकधूक आहे.

रास्त आहे. मूळ हेतू स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांचे आभार मानायचा होता. पुढे अनेक क्लबांत ते बायकांवरच्या विनोदांचं निमित्त झालं. घरी तुम्ही नियम ठरवू शकता: लग्न, वजन, खर्च यांवर विनोद नाहीत. उत्तर देणाऱ्या बाईला आधीचं भाषण दोन दिवस आधी द्या, म्हणजे खरी जुगलबंदी रंगते.

किल्ट घालावाच लागतो का?

नाही. बर्न्स लोलँडचा, म्हणजे दक्षिणेकडच्या सखल भागातला, शेतकरी होता; किल्ट, म्हणजे पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा घागरा, हायलँडचा, उत्तरेकडच्या डोंगराळ भागातला. त्याने तो घातला नसता. टार्टनचा, म्हणजे चौकड्यांच्या स्कॉटिश कापडाचा, एखादा मफलर किंवा टाय पुरे. घालणार असाल तर इतकं: निऱ्या मागे, सपाट बाजू पुढे. चांगल्या किल्टला आठ वार कापड लागतं. आमच्या सासूबाईंनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, “मग आमच्या नऊवारीला एक वार जास्तच!” आणि त्या वर्षी त्या नऊवारीच नेसून बसल्या.

बॅगपाइप वाजवणारा कुठून आणू?

रेकॉर्डिंग लावा, चालतं. सगळ्यांनी ठेक्यात टाळ्या वाजवायच्या. खोलीत खरा पाइप वाजला तर कान बसतात. एका वर्षी आमच्याकडे भाच्याने सनई वाजवली होती. दोन्हींना अखंड सूर लागतो, त्यामुळे ती अजिबात विजोड वाटली नाही.

मुलांना आणावं का?

जरूर. इथल्या शाळांत जानेवारीत मुलं स्कॉट्स कविता पाठ करतात, त्यांना म्हणायला द्या. भूताखेतांची आवड असेल तर बर्न्सच्या ‘टॅम ओ’शँटर’ची गोष्ट सांगा: वादळी रात्र, पडक्या चर्चमध्ये नाचणाऱ्या चेटकिणी, आणि पुलापर्यंत धावत येऊन शेपूट गमावणारी घोडी.

‘ऑल्ड लँग साइन’ला हात कधी गुंफायचे?

शेवटच्या कडव्याला. ‘हा माझा हात, विश्वासू मित्रा’ अशी ओळ येते तेव्हा. आधी नुसतं शेजाऱ्याचा हात धरून वर्तुळात उभं राहायचं. सुरुवातीपासूनच हात आडवे करणारे लोक सगळीकडे दिसतात, पण ओळीची वाट पाहिलीत तर त्या हाताला अर्थ येतो. नावाचा अर्थ ‘फार पूर्वीचे दिवस’. बर्न्सने ते एका म्हाताऱ्याच्या गाण्यावरून उतरवून घेतलं असं स्वतः सांगितलं आहे आणि १७८८ मध्ये त्याला आजचं रूप दिलं.

मराठी माणसाने ही चाल अनेकदा ऐकलेली असते. खडकवासल्याच्या एनडीएत दीक्षान्त संचलनाच्या शेवटी कॅडेट संथ पावलांनी ‘अंतिम पग’ ओलांडतात, तेव्हा बँडवर हीच धून असते. आमच्या गटातल्या एका काकांचा मुलगा तिथून बाहेर पडला. दर वर्षी हे गाणं सुरू झालं की ते सर्वांत आधी उभे राहतात, आणि शेवटच्या कडव्याला शेजारच्याचा हात जरा जास्त घट्ट धरतात.

बर्न्सची ठिकाणं पाहायची असतील तर?

ग्लासगोहून एअरपर्यंत आगगाडीने तासाभराच्या आत पोचता, तिथून अ‍ॅलोवे जवळ आहे. घर, पडकं चर्च, डून नदीवरचा जुना पूल आणि संग्रहालय एकाच फेरफटक्यात होतं. चर्चच्या आवारात त्याच्या वडिलांची कबर आहे. घर वडिलांनी स्वतःच्या हाताने मातीचं बांधलं. बुटकं, पांढऱ्या भिंतींचं, गवताच्या छपराचं. माणसं आणि गुरं एकाच छपराखाली. स्वयंपाकघरात भिंतीतल्या कोनाड्यासारखी एक खाट आहे, रॅबी तिथे जन्मला. त्यानंतर थोड्याच दिवसांत वादळाने घराची एक भिंत पाडली आणि बाळाला घेऊन आईला शेजाऱ्यांकडे जावं लागलं. मी गेले तेव्हा जानेवारीच होता, बाहेर तसाच वारा सुटला होता, आणि एक बाई आपल्या मुलीला त्या खाटेसमोर उभं करून उंदराची कविता म्हणवून घेत होत्या.